विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण: संवाद, वर्तन आणि सामाजिक कौशल्यांचे काम सरावातून कसे शिकवावे

मुलाला चित्रकार्ड देऊन वस्तू मागायला शिकवणे, त्याची आदळआपट कशामुळे होते ते शोधणे, खेळाच्या तासात त्याला दुसऱ्या मुलाजवळ जायला मदत करणे ही कामे नुसती ऐकून येत नाहीत. त्यांचे हाताला वळण लागावे लागते. तरीही विशेष शिक्षकांचे बरेचसे प्रशिक्षण खुर्चीत बसून होते. शेवटच्या लेखी चाचणीत शिक्षकांना चांगले गुण मिळतात आणि वर्गात मूल किंचाळले की ते पूर्वी करत होते तेच करतात. हा निष्ठेचा प्रश्न नाही. मूल किंचाळत असताना आणि बाकीची मुले बघत असताना योग्य कृती दोन-तीन सेकंदांत सुचावी लागते, आणि आधी अनेकदा करून झालेली कृतीच अशा वेळी सुचते.

पुढचे सगळे अशी प्रशिक्षणे आखणाऱ्या आणि चालवणाऱ्यांसाठी आहे: अनुभवी विशेष शिक्षक, वाचा-भाषा तज्ज्ञ, वर्तन तज्ज्ञ, मुख्याध्यापक.

सुरुवात वर्गातल्या निरीक्षणाने

प्रशिक्षणाचा विषय ठरवण्याआधी प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात दोन वेगवेगळ्या दिवशी २० मिनिटे बसा. एक दिवस अभ्यासाच्या तासाला, दुसरा डब्याच्या किंवा खेळाच्या वेळी. तीनच गोष्टी मोजा. मुलाला काही मागण्याची, नाकारण्याची किंवा सांगण्याची संधी किती वेळा मिळाली? प्रश्न विचारल्यावर किंवा वस्तू पुढे धरल्यावर शिक्षक किती सेकंद थांबले? आणि मूल नीट वागत असताना त्याच्याशी किती वेळा बोलले गेले, चुकल्यावर किती वेळा?

दुसरा आकडा बहुतेक वेळा धक्का देतो. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात सामान्य वर्गांत मोजले तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते, आणि ही वेळ ३ सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली, उत्तर न देणाऱ्यांची संख्या कमी झाली. ज्या मुलाला ऐकलेले समजून घ्यायला, शब्द किंवा चित्र शोधायला आणि हात हलवायला जास्त वेळ लागतो, त्याच्यासाठी एक सेकंद म्हणजे संधीच न मिळणे. अशा मुलांसाठी ५ ते १० सेकंद शांत राहणे हे शिक्षकाने कमावण्याचे पहिले कौशल्य आहे. ऐकायला ते सोपे वाटते. स्टॉपवॉच लावून १० सेकंद गप्प राहायला सांगा, म्हणजे ते किती कठीण आहे हे सगळ्यांना कळते.

हे आकडे जपून ठेवा. प्रशिक्षणानंतर तेच पुन्हा मोजायचे आहेत. उद्दिष्टही याच भाषेत लिहा. ‘संवाद सुधारणे’ हे उद्दिष्ट होत नाही, कारण ते साधले की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. ‘मुलाने वस्तूकडे हात नेल्यावर शिक्षक ५ सेकंद थांबतील आणि मुलाने चित्र उचलले नाही तर न बोलता हाताने मदत करतील’ हे उद्दिष्ट झाले.

सांगा, दाखवा, करून घ्या, दुरुस्त करा

वर्तनशास्त्रात कौशल्ये शिकवण्याची एक चार टप्प्यांची पद्धत आहे आणि शिक्षकांना शिकवतानाही तीच उपयोगी पडते. प्रश्न वेळेच्या वाटणीचा असतो. दीड तासाच्या सत्रात सांगण्याला १५ मिनिटे पुरतात. दाखवण्याला १५, आणि करून घेणे व दुरुस्त करणे यांना मिळून किमान ५० मिनिटे हवीत. उरलेला वेळ नोंदी आणि शंकांसाठी. एका सत्रात एकच कौशल्य घ्या. तीन घेतलीत तर तिन्हींची ओळख होईल, वर्गात एकही उतरणार नाही.

सांगताना कौशल्याचे तुकडे पाडून एका पानावर द्या: सहा ते दहा पायऱ्या, प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसणारी. दाखवताना आधी बरोबर करून दाखवा, तेही दोनदा, वेगवेगळ्या वस्तू घेऊन. चुकीचा नमुना त्यानंतरच दाखवा आणि ‘यात कोणती पायरी राहिली?’ असे विचारा. चुकीने सुरुवात केली तर नेमकी तीच लक्षात राहते.

सरावासाठी तिघांचे गट करा: एक शिक्षक, एक मुलाच्या भूमिकेत, एक पायऱ्यांची यादी घेतलेला निरीक्षक. इथे नेहमी घडणारी गडबड अशी की मुलाची भूमिका करणारी व्यक्ती फार शहाण्यासारखी वागते. कार्ड पुढे केले की लगेच घेते. म्हणून भूमिकेची चिठ्ठी लिहून द्या: ‘पहिल्या दोन वेळा वस्तूवर झेप घे. तिसऱ्यांदा कार्ड उचल पण खाली टाक. चौथ्यांदा उठून निघून जा. पाचव्यांदा कार्ड दे.’ शिक्षकाला चिठ्ठीत काय आहे ते माहीत नसावे.

दुरुस्ती त्याच मिनिटात करा. नेमके काय बरोबर झाले ते एक वाक्य, काय बदलायचे ते एक वाक्य, आणि लगेच तीच कृती पुन्हा. ‘छान झालं, फक्त पुढच्या वेळी थोडं थांबा’ असे म्हणून पुढच्या गटाकडे वळलात तर दुरुस्ती झालीच नाही. ‘तुमचा हात वस्तू झाकून होता, ते बरोबर. पण कार्ड हातात पडल्यावर वस्तू द्यायला चार सेकंद लागले. कार्ड मिळताक्षणी द्या. आता पुन्हा करू’ असे सांगून करून घेतले की काम होते. सलग दोन फेऱ्यांत ९० टक्के पायऱ्या बरोबर आल्यावर शिक्षकाने मुलासोबत सुरुवात करावी.

अनेकांना भूमिका करताना संकोच वाटतो, आणि तो रास्त आहे. पहिली फेरी प्रशिक्षकाने स्वतः शिक्षक बनून करावी आणि सहभागींकडून दुरुस्ती करवून घ्यावी. कुणालाही एकट्याला सगळ्या गटासमोर उभे करू नका.

संवाद आधी, कारण बाकी सगळे त्यावर टेकले आहे

संवाद, वर्तन आणि सामाजिक कौशल्ये अशी तीन स्वतंत्र सत्रे बऱ्याच ठिकाणी आखली जातात आणि वर्तनाचे सत्र आधी घेतले जाते, कारण शाळेची तक्रार तीच असते. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. ज्या मुलाला ‘नको’, ‘थांबा’, ‘मदत करा’, ‘दुखतंय’ हे सांगण्याचा कोणताही मार्ग नाही, त्याच्या वर्तनाची योजना कितीही बारकाईने लिहिली तरी ती उभी राहत नाही.

बोलता न येणाऱ्या मुलासाठी सुरुवातीला चित्र देऊन मागण्याची पद्धत शिकवणे सोयीचे पडते, कारण तिच्या पायऱ्या स्पष्ट आहेत आणि शिक्षकाची चूक लगेच दिसते. १९८५च्या सुमारास अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत सहा टप्पे आहेत: चित्र हातात देणे, लांबून येऊन देणे, दोन किंवा अधिक चित्रांतून निवडणे, पट्टीवर चित्रे लावून वाक्य करणे, ‘काय हवंय?’ला उत्तर देणे आणि शेवटी दिसलेल्या-ऐकलेल्या गोष्टींबद्दल सांगणे. पहिल्या टप्प्यावर प्रशिक्षणाचा सर्वात जास्त वेळ खर्च करा. पुढचे बरेच बिघाड तिथूनच सुरू होतात.

त्याआधी मुलाला खरोखर काय हवे आहे ते शोधावे लागते. ‘त्याला गाड्या आवडतात’ हे घरून आलेले उत्तर आजच्या दिवशी खरे असेलच असे नाही. पाच ते सात वस्तू एका ओळीत, हात पोहोचेल अशा सारख्या अंतरावर ठेवा. मूल एक निवडेल. ती त्याला ३० सेकंद वापरू द्या, मग बाजूला ठेवा. ओळीत परत ठेवू नका. उरलेल्या वस्तूंच्या जागा बदला, नाहीतर काही मुले कायम उजवीकडचीच उचलतात आणि आपण त्याला आवड समजतो. वस्तू संपेपर्यंत किंवा मूल निवडणे थांबवेपर्यंत हे करा. तीन फेऱ्या झाल्या की वरच्या दोन-तीन वस्तू कळतात.

आता पहिला टप्पा. इथे दोन प्रौढ लागतात: समोर बसणारा जोडीदार आणि मुलाच्या मागे बसणारा मदतनीस. टेबलावर एकच चित्र.

१. जोडीदार वस्तू दाखवतो, मोहात पाडतो, पण बोलत नाही.
२. मूल वस्तूकडे हात नेते. मदतनीस तो हात नेईपर्यंत वाट पाहतो, आधी हालत नाही.
३. मदतनीस मागून, हाताला आधार देऊन, चित्र उचलायला, पुढे न्यायला आणि जोडीदाराच्या तळहातावर सोडायला मदत करतो.
४. मुलाच्या हातात चित्र आल्यावरच जोडीदार तळहात उघडतो.
५. चित्र हातात पडताच, अर्ध्या सेकंदात, वस्तू मुलाला मिळते आणि जोडीदार तिचे नाव घेतो: ‘बॉल!’
६. मूल वस्तूत रमले असताना चित्र जागेवर परत जाते.

मदत मागच्या टोकापासून कमी करायची. आधी सोडण्याची मदत काढा, मग पुढे नेण्याची, शेवटी उचलण्याची.

चुका ठरलेल्या आहेत, आणि त्यांची कारणे शिक्षकांना समजली पाहिजेत. पहिली चूक, जोडीदार ‘काय हवंय?’ किंवा ‘कार्ड दे’ म्हणतो. मग मूल विचारल्याशिवाय मागायचे नसते असे शिकते, आणि घरी कुणी विचारले नाही की गप्प राहते. दुसरी, तळहात आधीच उघडा असतो. मग उघडा हात हाच इशारा बनतो, आणि पाठ फिरवलेल्या माणसाकडे जाऊन मागणे येत नाही. तिसरी, मदतनीस मुलाशी बोलतो, कौतुक करतो. मूल मागे वळून त्याच्याकडे बघू लागते आणि ज्याच्याशी संवाद व्हायचा तो समोरचा माणूस बाजूला राहतो. चौथी चूक वेळापत्रकाची आहे: सकाळी १० मिनिटांचे ‘कार्ड सत्र’ आणि मग दिवसभर कार्डांची पेटी कपाटात. दिवसभरात विखुरलेल्या ३० ते ४० संधी हव्यात, डब्याच्या वेळी, दप्तर उघडताना, झोक्यापाशी.

मागण्यापाशीच थांबू नका. खाऊ आणि खेळणी मागता आली की संवाद आला असे मानले जाते; पण मुलाच्या दृष्टीने ‘नको’ हा शब्द तितकाच मोलाचा आहे, काही मुलांसाठी त्याहून जास्त. पहिल्या महिन्यातच ‘नको’, ‘मदत’ आणि ‘ब्रेक’ यांची कार्डे किंवा हाताच्या खुणा सुरू करा.

संवाद फलक (बोट ठेवून बोलण्याचा चित्रे-शब्दांचा तक्ता) किंवा बोलणारे उपकरण (दाबले की शब्द उच्चारणारे) असेल तर शिक्षकाचे मुख्य काम स्वतः ते वापरून दाखवणे हे आहे. बोलता बोलता त्यातल्या एक-दोन शब्दांवर बोट ठेवा: ‘अजून पाणी’ म्हणताना ‘अजून’वर. मूल एका शब्दाने बोलत असेल तर तुम्ही दोन शब्द दाखवा. ‘आता तू दाब’ असा लकडा लावू नका. बोलणारी मुलेसुद्धा महिनोन्‌महिने ऐकून मग बोलतात. फलकावर फक्त वस्तूंची नावे नकोत. ‘अजून’, ‘नको’, ‘जा’, ‘थांब’, ‘माझं’, ‘काय’ असे सगळीकडे चालणारे शब्द कायम त्याच जागी हवेत. आणि उपकरण शिक्षा म्हणून काढून घेणे म्हणजे मुलाचे तोंड दाबणे. हा नियम शाळेत लेखी असावा.

चित्रे, फलक किंवा उपकरण यांमुळे मूल बोलायचे थांबेल अशी भीती पालकांना वाटते आणि शिक्षकांनाही. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांच्या २००६ सालच्या संशोधन-आढाव्यात तपासलेल्या २७ जणांपैकी एकाचेही बोलणे अशा साधनांमुळे कमी झाले नव्हते. बहुतेकांचे वाढले होते, वाढ मात्र माफक होती. पालकांना हे दोन्ही भाग सांगा.

मदत किती आणि केव्हा काढावी, हा भाग प्रत्येक कौशल्याला लागू आहे. नवे कौशल्य शिकवताना जास्त मदतीकडून कमीकडे जा. थोडे येऊ लागल्यावर ५ सेकंद थांबा, मग लागेल तेवढीच मदत करा. तोंडी मदत काढून घेणे सर्वात अवघड असते, म्हणून शक्य तिथे हातवारे, चित्र किंवा हाताचा आधार वापरा. मूल प्रत्येक पायरीला शिक्षकाच्या तोंडाकडे बघू लागले तर मदत फार काळ चालू राहिली असे समजा.

वर्तन: आधी लिहा, मग अंदाज बांधा

पहिला सराव व्याख्येचा. ‘आक्रमक होतो’, ‘हट्ट करतो’, ‘चिडतो’ हे शब्द नोंदवहीतून हद्दपार करा. ‘उघड्या तळहाताने दुसऱ्याच्या पाठीवर किंवा दंडावर मारतो, स्पर्श झाला तरच मोजायचे’ अशी व्याख्या हवी. ती बरोबर जमली की नाही हे तपासण्याची सोपी रीत आहे. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांकडे न बघता मोजायचे आणि लहान आकड्याला मोठ्याने भागून १०० ने गुणायचे. एकाचे ८, दुसऱ्याचे १०, तर जुळणी ८० टक्के. त्याखाली आली तर दोष मोजणाऱ्याचा नसून बहुधा व्याख्येचा असतो.

मग आधी-वर्तन-नंतर नोंद. तीन मिनिटांचा, पालकांच्या लेखी परवानगीने घेतलेला किंवा प्रौढांनी अभिनय केलेला व्हिडिओ दाखवा आणि प्रत्येकाला तीन रकाने भरायला सांगा: लगेच आधी काय घडले, मुलाने काय केले, लगेच नंतर काय घडले. शिक्षक तिसरा रकाना हमखास अर्धवट भरतात. ‘काही नाही’, ‘दुर्लक्ष केले’ असे लिहितात, आणि व्हिडिओत मात्र कुणीतरी वही बाजूला सारलेली असते किंवा सगळा वर्ग वळून बघत असतो. व्हिडिओ पुन्हा लावून तेवढाच भाग दाखवा. वर्तन टिकून राहण्याचे कारण याच रकान्यात सापडते.

कारणे ढोबळमानाने चार: कुणाचे तरी लक्ष मिळणे, नकोसे काम किंवा जागा टळणे, हवी ती वस्तू मिळणे, आणि शरीराला मिळणारी संवेदना. दहा-पंधरा नोंदी झाल्याशिवाय कारण ठरवू नका. दोन नोंदींवर ठरवलेले कारण बहुधा आपल्या मनातलेच असते. एकाच वर्तनाला दोन कारणेही असू शकतात, गणिताच्या तासाला एक आणि खेळाच्या मैदानात दुसरे.

नोंदी सुरू करण्याआधी तब्येत तपासायला सांगा. दातदुखी, कानाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, फिट्स, बदललेले औषध. वर्तन अचानक सुरू झाले किंवा अचानक वाढले तर आधी डॉक्टर, मग योजना. दुखत असलेल्या मुलाला बक्षिसांचा तक्ता लावणे हा अन्याय आहे.

यानंतर योजनेचा गाभा: त्याच कारणासाठी दुसरा, सोपा आणि लवकर फळ देणारा मार्ग शिकवणे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या संशोधकांनी १९८५ मध्ये हे दाखवून दिले. काम अवघड वाटले की आदळआपट करणाऱ्या मुलांना मदत मागायला शिकवले, लक्ष हवे असणाऱ्यांना ‘मी नीट करतोय का?’ असे विचारायला शिकवले, आणि कारणाशी जुळणारे वाक्य शिकवले तेव्हाच वर्तन कमी झाले. न जुळणाऱ्या वाक्याचा उपयोग झाला नाही. तालमेल चुकला की पद्धत फसते, आणि मग ‘आम्ही हे करून पाहिलं, चालत नाही’ असे ऐकू येते.

काम टाळण्यासाठी वही फेकणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊन शिक्षकांकडून हा सराव करून घ्या. नोंदींवरून दिसते की वही साधारण चार मिनिटांनी फेकली जाते. मग तिसऱ्या मिनिटाला, मूल शांत असताना, ब्रेकचे कार्ड द्यायला हाताने मदत करायची. कार्ड मिळताच काम बाजूला, २ मिनिटांचा टायमर, टायमर वाजला की परत काम, पण आधीपेक्षा लहान तुकडा. पहिले एक-दोन आठवडे प्रत्येक ब्रेक द्यायचा, दिवसातून ३० वेळा मागितला तरी. मुलाला कार्डाची ताकद पटली आणि फेकणे जवळपास थांबले की ‘अजून एक ओळ, मग ब्रेक’ असे लांबवायला सुरुवात करायची. एक ओळ, मग दोन, मग चार. लांबवताना फेकणे परत आले तर एक पायरी मागे या.

यात शिक्षक दोन ठिकाणी घसरतात. एक, ‘सारखा ब्रेक मागतो, अभ्यास कधी होणार?’ म्हणून तिसऱ्या दिवशी कार्ड नाकारले जाते. कार्ड चालत नाही म्हटल्यावर मूल वही फेकण्याकडे परत जाते, कारण ती नेहमी चालत आली आहे. दोन, वही फेकल्यावर लगेच कार्ड पुढे केले जाते. मग मूल फेकायचे आणि मग कार्ड द्यायचे अशी जोडगोळी शिकते. फेकून झाल्यावर कार्डाची आठवण करून देऊ नका. थोडे काम शांतपणे होऊ द्या आणि मग पुढची संधी आखा.

आणखी दोन गोष्टी प्रत्येक शिक्षकाला पाठ हव्यात. जुन्या वर्तनाला फळ मिळेनासे झाले की ते कमी होण्याआधी काही काळ वाढू शकते, जोरात आणि वेगळ्या रूपात येऊ शकते. हे आधीच सांगितले नाही तर शिक्षक दुसऱ्या दिवशी योजना सोडतात, आणि दहाव्या किंकाळीला हार मानणे म्हणजे दहा वेळा किंचाळायला शिकवणे. हा वाढीचा काळ सुरक्षितपणे काढता येणार नसेल, म्हणजे मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, तर केवळ दुर्लक्ष करण्यावर बेतलेली योजना सुरूच करू नका. दुसरे, काम टाळणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर पाठवणे म्हणजे त्याला हवे तेच देणे. शिक्षकाला ती शिक्षा वाटते आणि तासाची शांतता मिळते, म्हणून दोघेही ते पुन्हा करतात.

संकटाच्या क्षणी काय करायचे याचाही सराव हवा. इतर मुलांना बाहेर नेणे, हाताच्या अंतरापेक्षा लांब आणि थोडे बाजूला उभे राहणे, बोलणे दोन-तीन शब्दांवर आणणे, प्रश्न न विचारणे, जड आणि टोकदार वस्तू दूर करणे. त्या वेळी काही शिकवायचे नसते. मुलाला पालथे पाडून किंवा छातीवर-पाठीवर भार देऊन धरणे कधीही नाही; यात श्वास कोंडून मृत्यू होऊ शकतो. शारीरिक धोका वारंवार येत असेल तर त्यासाठी वेगळे, प्रमाणित प्रशिक्षण आणि लेखी सुरक्षा योजना लागते. अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेत धरण्याच्या क्लृप्त्या दाखवू नका.

सामाजिक कौशल्ये: कुणाच्या सोयीची?

इथे प्रशिक्षकाने आधी एक गाळणी लावावी. ‘डोळ्यांत बघून बोलणे’, ‘हात न हलवता बसणे’ ही उद्दिष्टे मुलाच्या कामाची आहेत की बघणाऱ्याच्या समाधानाची? अनेक स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्ती सांगतात की नजर मिळवण्याच्या सक्तीने ऐकणेच अवघड होते. कुणालाही इजा न करणारे हात हलवणे थांबवण्यात वेळ घालवू नका. स्वतः स्वमग्न असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की स्वमग्न आणि इतर लोकांमधला गैरसमज दुतर्फी असतो. म्हणून प्रशिक्षणही दुतर्फी हवे: वर्गमित्रांनाही शिकवायचे.

त्याची रीत अशी. मुलासोबत खेळायला खुशीने तयार असलेली, शाळेत नियमित येणारी दोन-तीन मुले निवडा. त्यांना आधी वेगळे घेऊन चार गोष्टी करून दाखवा: जवळ जाणे, काहीतरी पुढे करणे, मनात पाचपर्यंत मोजत थांबणे, आणि मुलाने दिलेल्या कोणत्याही प्रतिसादाला, कार्ड असो, आवाज असो की नुसते बघणे, उत्तर देणे. मग १० ते १५ मिनिटांचा खेळ, आठवड्यातून तीनदा तरी. खेळ असा निवडा ज्यात दुसऱ्याची गरज पडतेच: चेंडू घरंगळवणे, एकाने ठोकळे देणे आणि दुसऱ्याने रचणे. शिक्षकाने सूचना हळू आवाजात मित्राला द्यायची, मुलाला नाही. सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे शिक्षक दोघांच्या मध्ये बसतो आणि दोन्ही मुले त्याच्याशीच बोलू लागतात. दीड-दोन मीटर मागे सरका, बाजूला बसा.

व्हिडिओ दाखवून शिकवणेही बऱ्याच मुलांना मानवते. एक कौशल्य, ३० सेकंद ते २ मिनिटे, तीच वस्तू आणि शक्यतो तीच जागा. बघून झाल्याबरोबर करायला द्यायचे. टेबलावर शिकलेले मैदानात आपोआप जाईल अशी आशा धरू नका. दोन माणसे, दोन जागा, तीन प्रकारच्या वस्तू असा फेरपालट पहिल्या आठवड्यापासून योजनेत लिहा.

एक भाग अजिबात वगळू नका: स्पर्श नाकारणे. प्रत्येक सूचना पाळायला शिकवलेले मूल वाईट हेतूच्या माणसाचीही सूचना पाळते. ‘नको’ म्हटल्यावर शिक्षकाने खरोखर थांबण्याचा सराव सत्रात करून घ्या. जिथे थांबता येत नाही, उदाहरणार्थ औषध देताना, तिथे आधी सांगणे आणि निवड देणे: ‘आधी डाव्या कानात की उजव्या?’

वर्गात सोबत राहणे

सत्र संपले की प्रशिक्षणाचा निम्मा भाग बाकी असतो. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी २० ते ३० मिनिटे वर्गात जा. मग महिनाभर आठवड्यातून एकदा, नंतर पंधरवड्याला, आणि तीन महिन्यांनी पुन्हा एक तपासणी. हातात सरावाच्या वेळची तीच पायऱ्यांची यादी. दुरुस्ती त्याच दिवशी, पाच मिनिटांत, मुलांसमोर नाही. या वेळापत्रकाला शाळेची मान्यता सुरुवातीलाच लेखी घ्या, नाहीतर परीक्षा किंवा समारंभ आला की पहिली काट यालाच लागते.

मदतनीस आणि सेविका यांना सत्रांत सामील करा. शौचालय, डबा, बस या जागी मुलासोबत त्याच असतात, आणि मागण्याच्या व नाकारण्याच्या कितीतरी संधी तिथेच येतात.

पायऱ्या ९० टक्क्यांवरून घसरल्या तर शिक्षकाला बोल लावण्याआधी कारण शोधा. पायरी माहीतच नसेल तर पुन्हा दाखवा. माहीत आहे पण गोंधळात सुचत नाही, तर गोंधळासह सराव घ्या. कार्डे हाताशी नसतील तर कमरेच्या पट्ट्याला रिंग अडकवून द्या. आणि शिक्षकाला ती पद्धत पटलेलीच नसेल तर बसून ऐका. त्यांनी मुलात असे काही पाहिलेले असते जे तुमच्या नोंदीत नाही.

आलेख एकाच कागदावर दोन काढा: वर शिक्षकाच्या बरोबर पायऱ्यांची टक्केवारी, खाली मुलाचे आकडे. योजना सुरू होण्याआधीचे तीन ते पाच दिवसांचे आकडे डावीकडे हवेतच. मुलाची प्रगती थांबली आणि शिक्षकाची टक्केवारी ६० असेल तर योजनेला हात लावू नका, सराव वाढवा. टक्केवारी ९०च्या वर असून दोन आठवडे मूल जागचे हलत नसेल तर शिक्षकाचे काम चोख आहे, योजना चुकली आहे. वर्तनाचे कारण पुन्हा तपासा, आवडीच्या वस्तूंची पुन्हा निवड घ्या, पायरी लहान करा. हे दोन आलेख शेजारी नसले की शाळा चांगली योजना टाकून देते किंवा वाईट योजना शिक्षकाच्या माथी मारते.

मुलाचा वर्ग किंवा शिक्षक बदलणार असेल तर शेवटच्या महिन्यात एक पान तयार करा: मूल ‘हो’, ‘नको’, ‘मदत’, ‘दुखतंय’ कसे सांगते, कशाने अस्वस्थ होते, त्याआधी कोणती चिन्हे दिसतात, सध्या कोणती पायरी चालू आहे आणि किती मदत लागते. सोबत पालकांच्या परवानगीने मिनिटभराचा व्हिडिओ. नव्या शिक्षकाने ते पान वाचून जुन्या शिक्षकासमोर दोन फेऱ्या सराव करावा, आणि मग निदान तीन दिवस दोघांनी वर्गात एकत्र काम करावे.